डिकन्स बरोबर होता, पण त्याच्याकडे पुरावा होता का?

संशोधन पद्धतीच्या कोर्सवर्कमध्ये कुणीतरी एक प्रश्न हमखास विचारतं: निष्कर्ष शेवटी बरोबरच निघाला, तर पुरावा कसा गोळा केला याने काय फरक पडतो? विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'वैधता' आणि 'विश्वसनीयता' असे दोन जड शब्द ऐकवून खाली बसवलं जातं. मलाही बसवलं होतं. मी विज्ञान शाखेची, त्यामुळे याचं उत्तर प्रयोगशाळेत सापडेल असं वाटत होतं. सापडलं ते चार्ल्स डिकन्सच्या प्रवासवर्णनातल्या एका प्रकरणात, आणि तेही एका तुरुंगावरच्या.

पुस्तकाचं नाव 'अमेरिकन नोट्स', साल १८४२. त्या वर्षी मार्चमध्ये डिकन्सने फिलाडेल्फियातल्या ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी या तुरुंगाला भेट दिली आणि त्यावर एक प्रकरण लिहिलं. एकांतवासाच्या शिक्षेविरुद्ध आजही कुणी काही लिहिलं की बऱ्याचदा सुरुवात इथून होते. प्रकरण प्रभावी आहे, वाचल्यावर रात्री झोप येत नाही. पण तुम्ही संशोधनाला निघाला असाल तर ते दुसऱ्यांदा वाचा, हातात पेन्सिल घेऊन. प्रत्येक वाक्यापुढे लिहा: हे त्याने पाहिलं, हे ऐकलं, की हे त्याला वाटलं?

आधी तुरुंगाबद्दल, कारण तो समजल्याशिवाय भांडण कळत नाही. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात तुरुंगांची दुर्दशा दूर करण्यासाठी एक संस्था निघाली. क्वेकर पंथाच्या लोकांचा तिच्यावर मोठा प्रभाव होता. फटके मारून, चारचौघांत बेअब्रू करून माणूस सुधारत नाही. त्याला एकटं ठेवा, हाताला काम द्या, बायबल द्या, तो आपोआप अंतर्मुख होईल, अशी त्यांची श्रद्धा. 'पेनिटेन्शरी' या शब्दातच पश्चात्ताप आहे. या कल्पनेला दगडात उतरवण्याचं काम जॉन हॅव्हिलंड या वास्तुशास्त्रज्ञाने केलं. चेरीची बाग होती त्या जागेवर १८२२ मध्ये बांधकाम सुरू झालं, १८२९ मध्ये तुरुंग उघडला, आणि पहिल्या सात इमारती पूर्ण व्हायला १८३६ उजाडलं. खर्च सुमारे ७ लाख ८० हजार डॉलर. त्या काळच्या अमेरिकेतली ही सर्वांत महागड्या इमारतींपैकी एक. बाहेरून किल्ला, आत मधोमध एक गोल खोली, आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या तिथून निघालेल्या लांब इमारती. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी, छतात एक झरोका, कोठडीमागे फिरायला भिंतींनी बंद केलेलं छोटं अंगण, आणि कोठडीतच नळाने धुतला जाणारा संडास. संडास ही मोठी सोय होती खरी, पण ती कैद्याने बाहेर पडूच नये म्हणून! कोठडीबाहेर न्यायचं झालं तर चेहरा पूर्ण झाकणारी टोपी घालून नेत. शेजारी कोण आहे ते वर्षानुवर्षं कळू द्यायचं नाही, असा सगळा बेत.

(जाता जाता: या तुरुंगाला 'पॅनॉप्टिकॉन' म्हणणारी वाक्यं तुम्हाला अनेक निबंधांत दिसतील. बेंथमच्या पॅनॉप्टिकॉनमध्ये मधल्या मनोऱ्यातून प्रत्येक कोठडीच्या आतलं दिसावं अशी योजना होती. इथे मधल्या खोलीतून फक्त बोळ दिसतात, कोठडीतला माणूस दिसत नाही. पॅनॉप्टिकॉनच्या जास्त जवळ जाणारा तुरुंग पेनसिल्व्हेनियानेच पिट्सबर्गला १८२६ मध्ये उघडला होता. तो फसला आणि नव्याने बांधावा लागला. फुकोने दोन्ही गोष्टींवर एकाच पुस्तकात लिहिलं, तेव्हापासून वाचणाऱ्यांनी त्या एकमेकींना चिकटवून टाकल्या. नकाशा एकदा उघडून बघितला असता तर ही चूक झाली नसती.)

आता डिकन्स. त्याला सगळं दाखवलं गेलं. कोठड्या उघडल्या, कैद्यांशी बोलू दिलं, काही लपवलं नाही हे तो स्वतःच मान्य करतो. अधिकाऱ्यांचा हेतू चांगला आहे हेही मानतो. त्याचा मुद्दा असा, की शरीराला दिलेली यातना दिसते, मनाला दिलेली दिसत नाही, म्हणून ही दुसरी जास्त भयंकर. आणि आपण काय करतोय हे करणाऱ्यांनाच कळलेलं नाही.

प्रकरणाचा मधला मोठा भाग म्हणजे एका कैद्याच्या मनात वर्षानुवर्षं काय चालत असेल याचं वर्णन. शेजारच्या कोठडीतला माणूस कसा दिसत असेल याची त्याला लागलेली ओढ, हळूहळू कोपऱ्यात दिसू लागणारी भीती, रात्री, दिवस. हे वाचताना आपण विसरतो की यातलं काहीच कुणी डिकन्सला सांगितलेलं नाही. तो एक दिवस तिथे होता. हे सगळं कादंबरीकाराने रचलेलं आहे, आणि ते इतकं पटतं की पुढच्या पिढ्यांनी ते निरीक्षण म्हणून उद्धृत केलं. त्यात त्याचा स्वतःचा इतिहास: तो बारा वर्षांचा असताना वडील कर्जापायी लंडनच्या मार्शल्सी तुरुंगात होते. तुरुंगात शिरताना तो तटस्थ नव्हता. तटस्थ नसणं हा गुन्हा नाही, पण ते नोंदवायला हवं.

याच प्रकरणात एक जागा अशी आहे जिथे मी पेन्सिल खाली ठेवली. सुटकेच्या आधी कैदी कसे वागतात, असं डिकन्स तिथल्याच एका माणसाला विचारतो. उत्तर असं: त्यांना कचेरीत आणून रजिस्टरमध्ये सही करायला सांगतात, तर सही करता येत नाही, कधी कधी पेनही धरवत नाही. आपण कुठे आहोत हे न कळल्यासारखं बघत राहतात, मिनिटभरात कितीतरी वेळा उठतात आणि बसतात. फाटकाबाहेर सोडलं की कुठल्या बाजूला जायचं ते ठरवता येत नाही.

लक्षात घ्या, हे सांगणारा तुरुंगाच्या बाजूचा माणूस आहे. त्याने एक नाही, अनेक कैदी सुटताना पाहिलेत. एका ठरावीक क्षणी, एका ठरावीक कृतीत, म्हणजे सही करताना, काय होतं ते तो सांगतोय. आणि जे सांगतोय ते त्याच्या संस्थेच्या अडचणीचं आहे. ऐकीव पुरावा आहे, आकडे नाहीत, सगळं कबूल. तरीही माझ्या मते आख्ख्या प्रकरणातला सर्वांत भक्कम पुरावा हाच. गंमत अशी की डिकन्सचे चाहते हा परिच्छेद फारसा उद्धृत करत नाहीत; त्यांना भूतबाधेचं वर्णन आवडतं.

प्रकरणात एक जर्मन कैदीही आहे. त्याने सुतातून काढलेल्या रंगांनी कोठडीच्या भिंती सुंदर रंगवल्या होत्या, अंगणात छोटी बाग लावली होती. डिकन्सला तो जगातला सर्वांत खचलेला माणूस वाटला. हा माणूस म्हणजे चार्ल्स लँगहायमर. सुटल्यावर तो पुन्हा पुन्हा तुरुंगात येत राहिला आणि १८८४ मध्ये, म्हातारा होऊन, तिथेच वारला. डिकन्सच्या विरोधकांना हे कळल्यावर आनंद झाला: बघा, ज्याला तो जिवंत गाडलेला म्हणाला, तो चाळीस वर्षांनंतरही होता की! आणि एवढा त्रास होता तर परत कशाला आला असता? दुसरी बाजू म्हणेल, बाहेरच्या जगात जगणंच त्याला जमेना, हेच तर डिकन्स म्हणत होता. एकच आयुष्य, दोन उलट निष्कर्ष, आणि दोन्ही तितकेच सोपे. एका केसवरून थिअरी बांधू नका असं गाईड लोक म्हणतात, त्यांना बहुधा हेच म्हणायचं असतं. केस खोटी नसते, पण ती दोघांच्याही बाजूने साक्ष देते.

बरं, मग त्या कैद्यांनाच कुणी नीट विचारलं नव्हतं का? विचारलं होतं, डिकन्सच्या दहा वर्षं आधी. फ्रेंच सरकारने अमेरिकेतले तुरुंग बघायला ब्यूमाँ आणि तोकव्हिल या दोन तरुण कायदेतज्ज्ञांना पाठवलं. ऑक्टोबर १८३१ मध्ये तोकव्हिल ईस्टर्न स्टेटमध्ये कोठडीकोठडीत गेला, पहारेकऱ्यांना बाहेर ठेवून कैद्यांशी एकेकटं बोलला, आणि त्या मुलाखतींची टिपणं १८३३ च्या अहवालाला कैद्यांच्या नंबरासकट जोडली. पद्धत म्हणून ही डिकन्सपेक्षा कितीतरी पुढची. खासगी मुलाखत, साधारण तेच ते प्रश्न, कच्चा डेटा छापलेला. आज एखाद्या जर्नलने मागितलं असतं ते सगळं. कित्येक कैदी बोलताना रडले, हेही त्यात आहे. काम नसतं तर आपण टिकलो नसतो असं सांगणारेही आहेत.

तरीही दोन खड्डे आहेत, आणि पहिला तुम्ही फक्त तारखा बघून शोधू शकता. या तुरुंगात पहिला कैदी आला २५ ऑक्टोबर १८२९ रोजी. चार्ल्स विल्यम्स, अठरा वर्षांचा, काळा, शेतमजुरी करणारा. चोरीत वीस डॉलरचं एक घड्याळ आणि आणखी किरकोळ सोनं. शिक्षा दोन वर्षं. म्हणजे तोकव्हिल पोचला तेव्हा सर्वांत जुन्या कैद्यालाही तिथे जेमतेम दोन वर्षं झाली होती. बहुतेकांना त्याहून खूपच कमी. आठ-दहा वर्षं एकटं राहिल्यावर काय होतं, हा प्रश्न त्या दिवशी त्या इमारतीत कुणालाही विचारता येणार नव्हता. तोकव्हिलची चूक नाही, पण अहवाल वापरणाऱ्यांनी ही मर्यादा सोबत वापरली नाही. दुसरा खड्डा: शिक्षा कमी होण्याची वाट म्हणजे गव्हर्नरची माफी. सरकारने पाठवलेला पाहुणा विचारतोय, 'इथे बरं वाटतं का?' तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

आता आकडेवाल्यांकडे येऊ. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वाटतं, गोष्टी बाजूला ठेवा, तक्ते दाखवा. मलाही तसंच वाटत होतं. तक्ते होते, भरपूर होते. त्या काळात अमेरिकेत तुरुंगांच्या दोन पद्धती एकमेकींशी भांडत होत्या. पेनसिल्व्हेनियाची: रात्रंदिवस एकटं. न्यूयॉर्कमधल्या ऑबर्नची: रात्री वेगवेगळ्या कोठड्या, दिवसा एकत्र काम, पण बोलायचं नाही, बोललं तर फटके. ऑबर्नची बाजू बॉस्टनची एक संस्था आणि तिचा चिटणीस लुई ड्वाइट वर्षानुवर्षं लढवत होता. पेनसिल्व्हेनियावाल्यांनी १८४५ मध्ये आपलं स्वतंत्र नियतकालिकच काढलं. दोन्हीकडून मृत्यूचे आणि वेडाचे तक्ते.

ऑबर्नवाल्यांचं आवडतं उदाहरण त्यांच्याच तुरुंगातलं होतं. १८२१ च्या अखेरीस तिथे सुमारे ८० कैद्यांना पूर्ण एकांतात ठेवून पाहिलं. काही मेले, काहींचं डोकं फिरलं, आणि दोनेक वर्षांत गव्हर्नरला प्रयोग गुंडाळून उरलेल्यांना माफी द्यावी लागली. म्हणजे एकांतवास घातक, सिद्ध झालं? थांबा. ऑबर्नच्या कोठड्या साडेतीन फूट रुंद, कैद्यांना काम दिलेलं नाही, अंगण नाही. फिलाडेल्फियाची कोठडी त्याच्या कितीतरी पट मोठी, काम होतं, अंगण होतं. डोस वेगळा, औषधही वेगळं, फक्त बाटलीवरचं लेबल एक.

आणि पेनसिल्व्हेनियाचे तक्ते? आजारी कैद्याला माफी देऊन घरी पाठवलं की तो आठवड्याने घरी मेला तरी तुरुंगाच्या मृत्युसंख्येत येत नाही. मग दोन तुरुंगांचे मृत्युदर शेजारी शेजारी मांडण्याआधी, कुठे किती माफी मिळत होती हे बघायला नको? त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट कारणांच्या रकान्यात आहे. तुरुंगाच्या डॉक्टरांनी वेडाच्या पुष्कळ केसेस हस्तमैथुनाच्या खात्यावर टाकल्या. मृत्यूंची विभागणी गोरे आणि काळे अशी केली आणि काळ्यांचे मृत्यू जास्त आहेत, ते त्यांच्या प्रकृतीमुळे, तुरुंगामुळे नाही, असा युक्तिवाद केला. गट पाडून बघणं ही योग्यच पद्धत आहे, आपण रोज करतो. पण गट पाडल्यावर दिसलेल्या फरकाचं कारण तक्ता सांगत नाही. ते त्यांनी बाहेरून आणून ओतलं. कोठडी सोडून बाकी प्रत्येक गोष्टीला दोष देता येईल असाच तो रकाना होता. यातल्या एका डॉक्टरचं नाव वाचून मला धक्का बसला: फ्रँकलिन बेश, तुरुंगाचा पहिला डॉक्टर, रसायनशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा, बेंजामिन फ्रँकलिनचा पणतू. अडाणी माणसं नव्हती ही. प्रयोगशाळेत शिस्तीने काम करणारी माणसं होती.

म्हणून माझं मत असं: आकडेवाल्यांपेक्षा डिकन्स बरा. त्याची कल्पना निदान कल्पना म्हणून ओळखता येते. तक्त्यात घुसलेली कल्पना ओळखता येत नाही.

पण या भांडणातली सर्वांत मोठी गोष्ट दोन्ही बाजूंनी दुर्लक्षित केली, आणि ती संशोधकाने पहिल्यांदा विचारायला हवी होती. तो 'पूर्ण एकांतवास' खरंच दिला जात होता का? १८३४ च्या अखेरीस राज्याच्या विधिमंडळाने या तुरुंगाची चौकशी लावली. साक्षींमधून निघालं ते असं: काही कैदी कोठडीबाहेर कामं करत होते, अगदी घरगुती नोकरासारखी. संडासाच्या आणि उष्णतेच्या नळांमधून कैदी एकमेकांशी बोलत. हॅव्हिलंडच्या सुबक रचनेला नळांनीच भगदाड पाडलं होतं. वरच्या मजल्यावरच्या कोठड्यांना अंगणच नव्हतं. आणि ज्या पद्धतीत शारीरिक छळाला जागाच नाही असं जगाला सांगितलं जात होतं, तिथे एका कैद्यावर थंडीत गार पाणी ओतलं गेलं होतं. मथायस मॅकम्सी नावाच्या दुसऱ्या एका कैद्याच्या तोंडात लोखंडी लगाम घालून तो हातांना मागे ताणून बांधला होता. १८३३ मध्ये तो त्यातच मेला. त्याचा गुन्हा शेजाऱ्याशी बोलण्याचा. समितीच्या बहुमताने अधीक्षकाला जवळपास निर्दोष ठरवलं. थॉमस मॅकेल्वी या सदस्याला ते पटलं नाही, त्याने १८३५ मध्ये साक्षींसकट स्वतंत्र पुस्तक छापलं.

मग सांगा, पुढची कितीतरी वर्षं जी आकडेवारी 'एकांतवासाचा परिणाम' म्हणून भांडली गेली, ती नेमकी कशाचा परिणाम मोजत होती? काहींना खरोखर वर्षानुवर्षं एकांत मिळाला, काहींना अर्धवट, काहींना एकांत अधिक मारहाण. क्लिनिकल ट्रायल करणाऱ्याला विचारा, रुग्णाने गोळी घेतली की नाही हे न तपासता तुम्ही परिणाम छापाल का?

हे जुनं प्रकरण आहे असं वाटत असेल तर पुढचं वाचा. १८६० च्या दशकानंतर गर्दीमुळे एका कोठडीत दोन कैदी जाऊ लागले, १९१३ मध्ये ही पद्धत अधिकृतपणे सोडली गेली, १९७१ मध्ये तुरुंग बंद पडला, आता तिथे पर्यटक जातात. पण एकांतवास बंद झाला नाही. १९८३ मध्ये स्टुअर्ट ग्रासियन या मनोविकारतज्ज्ञाने मॅसॅच्युसेट्समधल्या एकांतकोठडीतल्या १४ कैद्यांचा अभ्यास छापला; त्यात भास, घाबरेपणा, आवाजाची असह्य संवेदना असं बरंच दिसलं. टीकाकार म्हणाले, हे कैदी तर कोर्टात दाद मागणारे होते, त्यांना लक्षणं सांगण्यात फायदा होता. २०१० मध्ये कोलोरॅडोत वर्षभर पाठपुरावा करणारा, तुलनेचे गट असलेला मोठा अभ्यास झाला. त्यात फारसं बिघडताना दिसलं नाही, आणि एकांतकोठडीच्या समर्थकांना तो उचलून धरता आला. त्यावरचा मुख्य आक्षेप काय होता माहितीये? तुलनेच्या गटातले कैदीसुद्धा मधूनमधून एकांतकोठडीत जाऊन येत होते. म्हणजे १८३४ चे नळ, पुन्हा एकदा.

इथे धोका खरा आहे. मोजमाप ढिसाळ असलं की परिणाम 'दिसत नाही', आणि 'दिसत नाही' याचा अर्थ 'होत नाही' असा लावून माणसं कोठडीत ठेवली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनी सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतवासाला मनाई केली. आपल्याकडे शिक्षा म्हणून दिलेल्या एकांतवासाला १८६० च्या दंडसंहितेतच एका वेळी १४ दिवसांची मर्यादा होती, आणि ती कलमं २०२३ च्या न्याय संहितेतही आहेत. कागदावरची मर्यादा आणि कोठडीतला अनुभव या वेगळ्या गोष्टी आहेत हे मराठी वाचकाला सांगायला नको. आऱ्यांसारख्या सात इमारती आणि एकेकट्या कोठड्यांनिशी बांधलेला अंदमानचा सेल्युलर जेल त्याच्या ओळखीचा आहे.

तर, ज्यांना पेटची तयारी करून कंटाळा आलाय त्यांच्यासाठी या आठवड्याचं काम. 'अमेरिकन नोट्स' गुटेनबर्गवर फुकट आहे, फिलाडेल्फियाचं प्रकरण सातवं. मॅकेल्वीच्या पुस्तकाच्या स्कॅन केलेल्या प्रतीही शोधल्या तर सापडतात. डिकन्सच्या प्रकरणात पाहिलं, ऐकलं, वाटलं अशा तीन रंगांच्या खुणा करा. मॅकेल्वी वाचताना मात्र क्रम उलटा ठेवा: आधी साक्षी वाचा, त्यावर तुमचा निष्कर्ष दोन ओळींत लिहून ठेवा, आणि मगच समितीचा निष्कर्ष उघडा. मी आधी समितीचा वाचला होता. त्यामुळे मॅकम्सीच्या मृत्यूची साक्ष पहिल्यांदा वाचताना माझी नजर तिच्यावरून नुसती सरकून गेली.